समूहाचे देयक आणि सभासदांची नोंदवही

शाळा, वसतिगृहे, विहार समित्या, पतसंस्था, दूध संकलन केंद्रे आणि बचत गटांचे महासंघ यांच्या जमाखर्चात गेल्या दोन दशकांत एक नवी बाब नियमाने दिसू लागली आहे. ती म्हणजे गटाने घेतलेल्या मोबाइल जोडण्यांचे मासिक देयक. विजेच्या देयकाचे वाचन बहुतेकांना जमते. मीटरवरील चालू आकडा, मागील आकडा आणि त्या दोहोंतील फरक एवढे पाहिले की काम भागते. मोबाइलच्या सामूहिक देयकाला असा एकच मीटर नसतो. वीस माणसे वीस ठिकाणांहून बोलतात, काही आपसांत बोलतात, काही बाहेरच्यांशी. आणि महिनाअखेरीस संस्थेच्या नावाने एकच कागद येतो. त्यावरील रक्कम बरोबर आहे की नाही हे पडताळण्याचे साधन हाती नसल्यामुळे कोषाध्यक्ष सही करतात आणि रक्कम भरली जाते.

हे देयक कसे तयार होते, ते कोणत्या ठिकाणी चुकू शकते आणि संस्थेने आपल्या बाजूने काय सांभाळावे, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात केला आहे. संपूर्ण विवेचनाचा गाभा एका वाक्यात सांगता येईल : गटाच्या देयकात संभाषणापेक्षा सभासदत्वाचा हिशेब अधिक असतो. कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गटात होता, या एका नोंदीवर बाकीचे सर्व आकडे उभे असतात.

गटसेवा म्हणजे काय?

मोबाइल जाळ्यातील गटसेवेला आपल्याकडे सर्रास ‘सीयूजी’ म्हणतात. ‘क्लोज्ड युजर ग्रुप’ या तांत्रिक संज्ञेचे ते आद्याक्षरी रूप होय. मर्यादित सभासदांचा बंदिस्त गट असा त्याचा अर्थ. या एका नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी वावरतात आणि त्यांतील फरक ध्यानात न आल्याने पुष्कळ गैरसमज होतात.

पहिला प्रकार फाटकासारखा आहे. जीएसएम या मोबाइल तंत्राच्या मूळ मानकांतच त्याची तरतूद आहे. प्रत्येक बंदिस्त गटाला एक सांकेतिक खूण दिली जाते आणि ग्राहकाची माहिती जेथे साठवलेली असते त्या मुख्य नोंदकोशात ती खूण त्याच्या क्रमांकापुढे लिहिली जाते. एका ग्राहकाला जास्तीत जास्त दहा गटांचे सभासद होता येते. संभाषण जोडण्यापूर्वी जाळे दोन्ही बाजूंची खूण तपासते. सभासदाला गटाबाहेर बोलण्याची मुभा आहे काय आणि बाहेरच्याला आत बोलता येते काय, याचे निर्बंध स्वतंत्रपणे लावता येतात. मुभा नसेल तर संभाषण जोडलेच जात नाही.

दुसरा प्रकार दरपत्रकासारखा आहे. येथे कोणालाही अडवले जात नाही. सर्व संभाषणे नेहमीसारखी जोडली जातात. मात्र हिशेब करताना संगणक दोन्ही क्रमांक गटाच्या यादीत आहेत काय ते पाहतो. दोन्ही असतील तर गटाचा सवलतीचा दर, एक जरी नसेल तर सामान्य दर. संस्थेला देयकात लाभ होतो तो या दुसऱ्या प्रकारामुळे. फाटक उघडे की बंद हा शिस्तीचा प्रश्न आहे, दर कोणता हा पैशाचा प्रश्न आहे आणि एकाच योजनेत हे दोन्ही असू शकतात.

याच्याही पुढची पायरी म्हणजे खासगी जाळ्याचा आभास निर्माण करणारी सेवा. तीत सभासदांना तीन किंवा चार अंकी लघुक्रमांक मिळतात. सभासदाने लघुक्रमांक फिरवला की जाळ्यातील एक स्वतंत्र संगणक त्याचे रूपांतर पूर्ण क्रमांकात करतो आणि हे संभाषण गटांतर्गत आहे अशी नोंद ठेवतो. काही योजनांत विशिष्ट अंक आधी जोडून केलेले संभाषण खासगी मानले जाते व त्याचे पैसे संस्थेऐवजी त्या सभासदाच्या खात्यावर पडतात.

भारतातील सर्वांत परिचित उदाहरण भारतीय रेल्वेचे आहे. स्टेशन मास्तरांपासून अभियंत्यांपर्यंत कर्मचाऱ्यांना पदानुसार सीयूजी क्रमांक दिले जातात. 1 जानेवारी 2019 पासून हे काम एअरटेलकडून रिलायन्स जिओकडे गेले, तेव्हाच्या वृत्तपत्रांतील माहितीप्रमाणे जुन्या व्यवस्थेत सुमारे 1.95 लाख जोडण्या होत्या आणि नव्या व्यवस्थेत 3.78 लाख जोडण्यांची तरतूद होती. सर्वोच्च अधिकाऱ्यांसाठी दरमहा 125 रुपये, सहसचिव स्तरासाठी 99 रुपये आणि गट ‘क’ कर्मचाऱ्यांसाठी 67 रुपये असे भाडे होते व त्यानुसार डेटाची मर्यादा कमी-अधिक होती. येथे आकारणीचा पाया संभाषणाची मिनिटे नसून सभासदाचे पद आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

गटांतर्गत संभाषण स्वस्त का?

भारतात मोबाइल सेवा 31 जुलै 1995 रोजी सुरू झाली. आरंभीच्या काळात येणाऱ्या संभाषणासाठीही पैसे मोजावे लागत. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावेत ही पद्धत मे 2003 पासून लागू झाली. त्यानंतरही एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलला की पहिल्या कंपनीला दुसरीस प्रतिमिनिट शुल्क द्यावे लागे. हे शुल्क 14 पैसे होते. ते 1 ऑक्टोबर 2017 पासून 6 पैसे झाले आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्यावर आले.

गटाचे सर्व सभासद एकाच कंपनीचे ग्राहक असतील तर त्यांचे आपसांतील संभाषण त्या कंपनीच्या जाळ्याबाहेर पडत नाही. दुसऱ्या कंपनीला काही द्यावे लागत नाही. त्यामुळे असे संभाषण फुकट किंवा नाममात्र दरात देणे कंपनीला परवडे आणि संस्थेचे सर्व क्रमांक आपल्याकडे येण्याचा लाभही तिला मिळे. ‘गटात मोफत’ या शब्दांमागे हे साधे अर्थकारण होते. आता ते शुल्क राहिलेले नाही आणि संभाषणावर मर्यादा नसलेल्या योजना सर्वत्र आल्या आहेत. परिणामी गटाच्या देयकात मिनिटांचे महत्त्व घटले, तर जोडण्यांची संख्या, प्रत्येक जोडणीचे भाडे आणि डेटाचा साठा यांचे महत्त्व वाढले. सभासदांची यादी पूर्वीही महत्त्वाची होती. आता ती देयकाचा मुख्य आधार झाली आहे.

नोंदीपासून देयकापर्यंत

सभासदाने फोन केला आणि संभाषण संपले, की जाळ्यातील केंद्रात एक नोंद तयार होते. फोन कोणी केला, कोणाला केला, केव्हा सुरू झाला, किती सेकंद चालला आणि कोणत्या मनोऱ्यावरून झाला, एवढा तपशील तीत असतो. या नोंदीत रुपयांचा उल्लेख नसतो. केंद्राला किंमत ठाऊक नसते. त्याला केवळ घटना ठाऊक असते.

अशा नोंदी निरनिराळ्या केंद्रांतून, निरनिराळ्या स्वरूपांत येतात. पुढच्या टप्प्यावर त्या गोळा करून एका साच्यात आणल्या जातात. एकच नोंद दोनदा आली असेल तर एक वगळली जाते. दीर्घ संभाषणाची नोंद तुकड्यांत आली असेल तर ते तुकडे जोडले जातात. अपूर्ण नोंदी बाजूला काढल्या जातात. धान्य दळणापूर्वी निवडून, पाखडून घ्यावे तसे हे काम आहे.

त्यानंतर ही नोंद कोणत्या खात्याची आहे ते शोधले जाते आणि मग दर लावला जातो. गटाची यादी येथे उघडली जाते. ज्या क्षणी संभाषण सुरू झाले त्या क्षणी दोन्ही क्रमांक गटाचे सभासद होते काय, असा प्रश्न संगणक विचारतो. देयक छापण्याच्या दिवशीची यादी येथे चालत नाही. त्यासाठी प्रत्येक सभासदापुढे ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशा दोन तारखा असाव्या लागतात. दर लागल्यावर भाडे, सवलत आणि कर मिळवून देयक सिद्ध होते. 1 जुलै 2017 पासून दूरसंचार सेवेवर 18 टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो.

आणखी दोन गोष्टी. पहिली गोष्ट मोजमापाच्या एककाची. मिनिट हे एकक असेल तर 61 सेकंदांच्या संभाषणाचे दोन मिनिटे धरले जातात. सेकंद हे एकक असेल तर 61 सेकंदच. गटातील संभाषणे बहुधा लहान असतात. ‘गाडी आली काय?’, ‘जेवणाला किती मुले?’ एवढेच विचारून फोन ठेवला जातो. म्हणून दरापेक्षा एकक कोणते हे आधी विचारावे. दुसरी गोष्ट उशिरा येणाऱ्या नोंदींची. सभासद परदेशी गेला असेल तर तेथील कंपनीकडून नोंदी काही काळाने येतात आणि मागील महिन्यातील संभाषण या महिन्याच्या देयकात दिसते. ती चूक नव्हे. मात्र तारीख पडताळून पाहावी.

आधी पैसे की नंतर?

महिनाअखेरीस देयक येणाऱ्या जोडणीत वर सांगितलेले सर्व टप्पे सावकाश पार पडू शकतात. यादीत चूक राहिली असेल तर ती सुधारून पुन्हा हिशेब करण्यास अवधी असतो. आधी पैसे भरलेल्या, म्हणजे प्रीपेड जोडणीत हा अवधी मिळत नाही. संभाषण सुरू होतानाच संगणक शिल्लक पाहतो, तीतून थोडी रक्कम राखून ठेवतो, ती संपत आली की आणखी राखतो आणि संभाषण संपताच न वापरलेला भाग परत करतो. गटाचा दर लावायचा की सामान्य, हा निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो. यादी त्या क्षणी चुकीची असेल तर पैसे कापले जातात आणि परतावा मागावा लागतो.

प्रीपेड ग्राहकाच्या हाती देयक पडत नाही, म्हणून त्याला तपशील मागण्याचा अधिकार नाही असा समज आढळतो. तो बरोबर नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2012 च्या ग्राहक संरक्षण विनियमांनुसार प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांच्या आतील वापराचा तपशील 50 रुपयांपेक्षा अधिक नाही अशा शुल्कात मागता येतो.

यादी शिळी झाली तर

एक कल्पित उदाहरण घेऊ. मिनिटागणिक आकारणी असलेली जुन्या धर्तीची योजना निवडली आहे, कारण तीत हिशेब उघड दिसतो. एका निवासी शाळेच्या गटात 20 जोडण्या आहेत. प्रत्येकीचे मासिक भाडे 100 रुपये. गटात बोलणे मोफत, गटाबाहेर मिनिटास 50 पैसे. महिना जूनचा, दिवस 30. सभासद महिन्याच्या मध्ये आला किंवा गेला तर दिवसांच्या प्रमाणात भाडे.

या महिन्यात एक स्वयंपाकी 10 जूनच्या सायंकाळी काम सोडून गेले आणि नवे गृहपाल 21 जूनला रुजू झाले. कार्यालयाने दोन्ही बदल त्याच दिवशी कंपनीला कळवले तर हिशेब असा होईल. पूर्ण महिन्याच्या 19 जोडण्यांचे 1900 रुपये. स्वयंपाक्यांच्या जोडणीचे दहा दिवसांचे 33.33 रुपये. गृहपालांच्या जोडणीचे दहा दिवसांचे 33.33 रुपये. भाडे झाले 1966.67 रुपये. सर्वांची मिळून गटाबाहेरची संभाषणे 1200 मिनिटे, त्यांचे 600 रुपये. एकूण 2566.67 रुपये. त्यावर 18 टक्के कर 462 रुपये. देयक 3028.67 रुपयांचे.

आता समजा, दोन्ही बदल जुलै उजाडेपर्यंत कळवलेच नाहीत. स्वयंपाक्यांच्या जोडणीचे पूर्ण भाडे लागले. भाडे झाले 2000 रुपये. नवे गृहपाल या काळात आपल्या स्वतःच्या क्रमांकावरून काम चालवत होते. तो क्रमांक गटात नसल्याने सहकाऱ्यांनी त्यांना केलेली 200 मिनिटांची संभाषणे बाहेरची ठरली. त्यांचे 100 रुपये. गटाबाहेरची नेहमीची संभाषणे 600 रुपयांची. एकूण 2700 रुपये, कर 486 रुपये, देयक 3186 रुपयांचे. संस्थेला 157.33 रुपये अधिक पडले. शिवाय गृहपालांनी सहकाऱ्यांना केलेल्या फोनचा खर्च त्यांच्याच खिशातून गेला.

रक्कम लहान आहे. परंतु या उदाहरणात कोणी खोटे बोललेले नाही, कोणी पैसे खाल्लेले नाहीत आणि कंपनीच्या संगणकानेही चूक केलेली नाही. त्याला दिलेल्या यादीप्रमाणे त्याने अचूक हिशेब केला. संस्थेची यादी मात्र तीन आठवडे शिळी होती. जोडण्या दोनशे असतील आणि दरवर्षी वीस-पंचवीस माणसे येत-जात असतील, तर हीच बाब लेखापरीक्षणाचा आक्षेप होऊ शकते. काम सोडून गेलेल्या व्यक्तीच्या नावावर सहा महिने भाडे का भरले, या प्रश्नाला तेव्हा उत्तर सापडत नाही.

डेटाचा सामाईक साठा

आजच्या गटयोजनांत खरा वाद संभाषणाचा नसून डेटाचा असतो. समजा, 20 जोडण्यांना प्रत्येकी 15 जीबी धरून एकूण 300 जीबींचा सामाईक साठा मिळाला. प्रवेश अर्ज आणि ऑनलाइन परीक्षा यांच्या काळात कार्यालयाच्या दोनच जोडण्यांनी त्यातील 180 जीबी वापरले आणि महिन्याच्या विसाव्या दिवशी साठा संपला. त्यानंतर कोणी वापर केला तर एक तर वेग घटतो किंवा जादा शुल्क लागते.

असे जादा शुल्क पुष्कळदा साठा संपल्यानंतर वापर करणाऱ्याच्या नावापुढे दिसते. संगणक साठ्यातून वापराच्या क्रमाने वजाबाकी करत जातो; शून्यानंतरचा वापर ज्याचा, त्याच्यापुढे शुल्क. महिनाभरात पाच जीबीही न वापरलेल्या शिक्षिकेने बाविसाव्या तारखेला मुलांसाठी एक चित्रफीत उघडली, तर तपशिलात दोष तिच्याकडे जातो. साठा कोणी संपवला याचे उत्तर त्या ओळीत नसते. ते शोधण्यासाठी सर्व जोडण्यांचा महिन्याचा एकूण वापर शेजारी शेजारी मांडावा लागतो. म्हणून कर्मचाऱ्यांकडून जादा रक्कम वसूल करणाऱ्या संस्थांनी केवळ ‘जादा शुल्क’ या रकान्यावरून वसुली करणे अन्यायाचे होईल. योग्य उपाय दोन आहेत : कार्यालयीन कामाच्या जोडण्यांचा साठा वेगळा ठेवणे, अथवा प्रत्येक सभासदाला आधीच मर्यादा ठरवून देणे.

मोठ्या संस्था याहून पुढची व्यवस्था करतात. मोबाइल जाळ्यातून इंटरनेटकडे जाणाऱ्या डेटाला एक प्रवेशद्वार असते. त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट नेम’ म्हणतात. संस्थेसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार ठेवले तर तिच्या यंत्रांचा डेटा खुल्या इंटरनेटवर न जाता थेट तिच्या संगणकाकडे जातो. बँकांची कार्ड-यंत्रे किंवा दूरवर बसवलेली मीटरयंत्रे अशा रीतीने जोडता येतात. कोणत्या द्वारातून डेटा गेला याची नोंद होत असल्याने त्याचा दरही वेगळा लावता येतो. पाचव्या पिढीच्या मानकांत तर यंत्रांचा गट तयार करणे, त्यात यंत्र समाविष्ट करणे व वगळणे यांची तरतूदच आहे. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये उद्योगांना स्वतःची बंदिस्त खासगी जाळी उभारण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. माणसाच्या जागी यंत्र आले तरी गटात कोण आणि केव्हापासून, हा प्रश्न तसाच राहतो.

क्रमांक कोणाचा, तपशील कोणाचा?

गटातील जोडणी संस्थेच्या नावावर असते. सभासद तो क्रमांक दहा वर्षे वापरतो. नातेवाइकांना, विद्यार्थ्यांना, बँकेला तोच देतो. सेवानिवृत्तीच्या दिवशी मात्र क्रमांक संस्थेकडे परत जातो आणि पुढे दुसऱ्या कर्मचाऱ्याला मिळतो. जुना क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर उपलब्ध झाली. परंतु संस्थेच्या नावावरील क्रमांकासाठी संस्थेचे अधिकारपत्र लागते. त्यामुळे बँक खाते, निवृत्तिवेतन आणि आधार यांना संस्थेचा क्रमांक कधीही जोडू नये. खात्याचे सांकेतिक संदेश उद्या दुसऱ्याच्या हाती पडण्याचा तो मार्ग आहे. आपले अनेक पालक व माजी विद्यार्थी शासकीय, निमशासकीय आणि रेल्वेच्या सेवेत आहेत. त्यांनी ही बाब आजच तपासावी.

दुसरा प्रश्न तपशिलाचा. देयक संस्थेच्या नावाने येते, म्हणून प्रत्येक सभासदाने कोणाशी, केव्हा, किती वेळ बोलणे केले याची यादीही संस्थेच्या कार्यालयात येऊ शकते. पैशाच्या पडताळणीसाठी ती उपयोगी आहे. पण त्याच यादीतून एखाद्या शिक्षिकेचे आजारपण, एखाद्या कर्मचाऱ्याचे कौटुंबिक संकट किंवा वकिलाशी झालेले बोलणेही वाचता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. पडताळणीसाठी बहुतेक वेळा प्रत्येक जोडणीची एकूण रक्कम पुरेशी असते. सविस्तर यादी मागवण्याची वेळ आली तर ती त्या सभासदाच्या उपस्थितीत पाहावी आणि हिशेब मिटल्यावर नष्ट करावी.

विनयातील तीन अधिकारी

समूहाला मिळालेल्या वस्तूंची विभागणी कशी करावी, हा प्रश्न बौद्ध परंपरेला नवा नाही. विनयपिटकातील महावग्गाच्या चीवरक्खन्धकात त्याची तपशीलवार चर्चा आहे. लोक दान देण्यासाठी चीवरे घेऊन येत, पण स्वीकारणारा कोणी न भेटल्याने परत जात; म्हणून चीवर स्वीकारणारा, चीवर-पटिग्गाहक, नेमण्यात आला. स्वीकारलेली चीवरे कोठेही ठेवली जात आणि उंदीर-वाळवी ती खात. म्हणून कोठाराची व्यवस्था झाली व तिच्यासाठी भण्डागारिक नेमला गेला. वाटपाच्या वेळी गोंधळ माजे. म्हणून वाटप करणारा, चीवर-भाजक, नेमला गेला.

या तिघांच्या पात्रतेचे निकष जवळजवळ सारखेच आहेत. आवड, द्वेष, मोह आणि भय या चार कारणांनी त्याने वाट सोडता कामा नये. त्याशिवाय प्रत्येकाला एक विशिष्ट ज्ञान हवे. स्वीकारणाऱ्याला काय स्वीकारले व काय नाही हे माहीत हवे. कोठार सांभाळणाऱ्याला काय सुरक्षित आहे व काय नाही हे माहीत हवे. वाटणाऱ्याला काय वाटले व काय वाटायचे राहिले हे माहीत हवे. नेमणूक संघासमोर प्रस्ताव ठेवून आणि त्या भिक्खूची संमती घेऊन होत असे. वाटपापूर्वी प्रवासाला निघणाऱ्या भिक्खूला त्याचा वाटा द्यावा, अशीही अनुज्ञा तेथे आहे. निघून जाणाऱ्याचा हिशेब त्याच्या जाण्याच्या दिवशी पूर्ण करावा, हा त्यातील विचार आहे.

मोबाइल कंपनीच्या संगणकांत नोंदी गोळा करणे, त्या सांभाळणे आणि त्यांवर दर लावून वाटणी करणे, हे तीन टप्पे आज वेगवेगळ्या यंत्रणा पार पाडतात. संस्थेच्या बाजूला मात्र हे तिन्ही काम बहुधा एकाच लिपिकाच्या टेबलावर, तेही इतर कामांतून वेळ काढून होते. चार अगतींची कसोटी तेथे लावावी लागते. अध्यक्षांच्या मर्जीतील माणसाची जोडणी पद सुटल्यावरही चालू राहिली, तर ती आवड होय. न पटणाऱ्या सहकाऱ्याचा तपशील चवीने वाचला गेला, तर तो द्वेष होय. योजना न समजून घेता सही झाली, तर तो मोह होय. चूक दिसूनही वरिष्ठांना विचारले गेले नाही, तर ते भय होय.

संस्थांनी काय करावे?

प्रथम, गटाची एक स्वतंत्र नोंदवही ठेवावी. तीत क्रमांक, वापरणाऱ्याचे नाव व पद, गटात समाविष्ट झाल्याची तारीख, वगळल्याची तारीख आणि कंपनीला कळवल्याची तारीख असे पाच रकाने पुरेत. शेवटचा रकाना विसरला जातो आणि वाद नेमका त्यावरूनच होतो. कंपनीला बदल लेखी कळवावा व पोच जपून ठेवावी.

दुसरे, देयक आले की रक्कम पाहण्याआधी जोडण्यांची संख्या पाहावी. देयकातील संख्या आणि नोंदवहीतील संख्या जुळली नाही तर पुढचा हिशेब तपासण्यात अर्थ नाही.

तिसरे, योजना स्वीकारताना एकक मिनिट की सेकंद, मध्येच येणाऱ्या-जाणाऱ्या सभासदाचे भाडे दिवसांच्या प्रमाणात की पूर्ण, साठा संपल्यावर वेग घटतो की शुल्क लागते, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. मोजणी व देयकांच्या अचूकतेसाठी नियामक प्राधिकरणाने 2006 मध्ये आचारसंहितेचे विनियम केले आणि कंपन्यांच्या देयकप्रणालीचे लेखापरीक्षण बंधनकारक केले. ग्राहकाने विचारलेले प्रश्न त्या व्यवस्थेला धरूनच आहेत. ते विचारण्यात संकोच नसावा.

चौथे, चूक आढळली तर 198 या क्रमांकावर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा नोंद क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, हे लक्षात ठेवल्यास पत्रव्यवहारातील वेळ वाचेल.

पाचवे, कर्मचाऱ्यांकडून काही वसुली करावयाची असेल तर तिचे सूत्र आधी बैठकीत ठरवून सर्वांना वाचून दाखवावे. कमी वेतनाच्या कर्मचाऱ्याच्या पगारातून पन्नास रुपये कापले जातात तेव्हा ते कशाचे, हे त्याला एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हापासून आपल्या समाजातील शिक्षणसंस्था अनेकांच्या लहान लहान वर्गण्यांवर उभ्या राहिल्या आहेत. वर्गणी देणाऱ्याच्या घामाचा रुपया ज्या वहीत जमा होतो, त्याच वहीत मोबाइलचे देयक खर्ची पडते. आपल्या विद्यालयाच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने तो आज ज्या संस्थेत, समितीत किंवा कार्यालयात काम करतो तेथील गटाची यादी एकदा मागवून पाहावी आणि तीतील किती नावे अजून तेथे आहेत ते मोजावे.